अलाबामाची शेती: कापूस, कोंबड्या आणि कर्ज (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेतली शेती म्हटलं की आपल्याला आयोवाचा मका आठवतो, नाहीतर कॅलिफोर्नियाचे बदाम. दक्षिणेकडची राज्यं सहसा कुणाच्या बोलण्यात येत नाहीत. खरं तर आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याला ओळखीची वाटेल अशी शेती तिथेच आहे. अलाबामाबद्दल कृषी महाविद्यालयातली मुलं, गावाकडचे शेतकरी आणि अमेरिकेत राहणारे मराठी लोक जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे घेतले आहेत. जमीन आणि कर्ज यांवर मी मुद्दाम जास्त लिहिलं आहे. त्या दोन गोष्टींशिवाय हे राज्य कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

अलाबामात नेमकं काय पिकतं?

राज्य महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान, लोकसंख्या साधारण ५० लाख. पण एवढ्याशा जागेत चार-पाच वेगवेगळे मुलूख आहेत. उत्तरेला टेनेसी नदीच्या खोऱ्यात लाल मातीत कापूस, सोयाबीन आणि मका. त्याच्या आग्नेयेला सँड माउंटनच्या पठारावर आणि कलमन परगण्यात कोंबड्यांच्या शेड. मध्यभागी आडव्या पट्ट्यात काळी जमीन. तिथे आता गुरं, गवत आणि मत्स्यतळी. आग्नेय कोपऱ्यात डोथान शहराभोवती ‘वायरग्रास’ नावाचा हलक्या वाळूमिश्रित जमिनीचा प्रदेश, तो भुईमुगाचा. चिल्टन परगण्यात पीचच्या बागा, आणि अगदी खाली समुद्राकडे बाल्डविन परगण्यात पेकन (अक्रोडासारखा सुकामेवा), बटाटे, लॉनसाठीचं गवत.

उत्पन्नात पहिला नंबर मात्र यातल्या कुठल्याच पिकाचा नाही, तो ब्रॉयलर म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीचा आहे. आणि जमिनीवर सगळ्यात जास्त पसरलंय ते जंगल. साधारण २.३ कोटी एकर, म्हणजे राज्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग झाडांखाली आहे, त्यात पाइनची लागवड मोठी. एके काळी कापूस असलेल्या कितीतरी शेतांत आज पाइनच्या रांगा दिसतात.

तिथली काळी जमीन आपल्या काळ्या रानासारखीच का?

वागायला बरीच तशीच. पावसात चिकट, उन्हात भेगाळणारी, वाफसा चुकला की औत अडवणारी. घडण मात्र वेगळी आहे. आपली रेगूर बेसाल्ट खडकापासून झाली, तर अलाबामाच्या ‘ब्लॅक बेल्ट’खाली खडूसारखा चुनखडक आहे, प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला. एकोणिसाव्या शतकात कापसाचे सगळ्यात मोठे मळे याच पट्ट्यात होते. १८६० च्या शिरगणतीत अलाबामात गुलामीत असलेले लोक ४ लाख ३५ हजार होते, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येचा सुमारे ४५ टक्के भाग. आज हाच पट्टा राज्यातला सगळ्यात गरीब भाग आहे.

अलाबामाच्या कापसाचा महाराष्ट्राशी काही संबंध आला का?

आला, आणि तो आपल्याला महाग पडला. १८६१ पूर्वी इंग्लंडातल्या लँकेशरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग अमेरिकेच्या दक्षिणेतून जायचा. यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि गिरण्यांची नजर मुंबईकडे वळली. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत शेअरचा सट्टा उसळला. १८६५ मध्ये युद्ध संपलं तसा भाव कोसळला, पेढ्या बुडाल्या.

दख्खनच्या शेतकऱ्याने तेजीत उचललेलं कर्ज तेवढं मागे राहिलं. त्यात सरकारने जमीनमहसूल वाढवला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांचे गहाणखतांचे कागद बाहेर काढून जाळले. दख्खनचे दंगे म्हणून शाळेत जे शिकतो त्यांचं एक मूळ अलाबामा-मिसिसिपीच्या कापसाच्या रानांत आहे.

गुलामगिरी संपल्यावर कसणाऱ्याला जमीन मिळाली का?

नाही. सगळा पुढचा इतिहास या एका ‘नाही’वर उभा आहे. माणसं स्वतंत्र झाली, जमीन मात्र जुन्या मालकांकडेच राहिली. मग वाटेकरी पद्धत आली. मालक जमीन, खेचर, औजारं, बी देणार. कुटुंबाने राबायचं आणि पिकाचा अर्धा वाटा द्यायचा. पीक हाती येईपर्यंत खायचं काय? तर दुकानदाराकडून उधारीवर मका, डुकराचं मांस, गूळ, कापड. आपल्याकडे ज्याला खावटी म्हणतात तीच ही. तारण म्हणून उभ्या पिकावर दुकानदाराचा पहिला हक्क. व्याज जबर, हिशेबाची वही त्याच्याकडे आणि वाटेकऱ्याला अनेकदा वाचता येत नसे. वर्षअखेरीला हिशेब झाला की देणं शिल्लकच निघायचं. गरीब गोरी कुटुंबंही यात हजारोंनी अडकली होती, पण काळ्या माणसाला कोर्टात दाद मागायची सोयही नव्हती.

विल्कॉक्स परगण्यात अलाबामा नदीच्या वळणात गीज बेंड नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांना उधारी देणारा दुकानदार वारला, आणि १९३२ साली त्याच्या वारसांनी वसुलीसाठी माणसं पाठवली. जनावरं, औजारं, साठवलेलं धान्य, जे सापडेल ते उचलून नेलं. हिवाळ्यात गाव उपाशी राहिलं, रेड क्रॉसच्या शिध्यावर जगलं. पुढच्या काही वर्षांत केंद्र सरकारने ती जमीन विकत घेतली आणि तिथल्याच कुटुंबांना सोप्या कर्जावर घरं आणि शेतं दिली. परिणाम पाहण्यासारखा आहे. जमीन स्वतःच्या नावावर असल्यामुळे १९६० च्या दशकात इथल्या लोकांना मतदार नोंदणीला उभं राहायचं बळ आलं. त्यांना अडवायला १९६२ मध्ये नदीवरची फेरीबोट बंद केली, ती २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली. शेतात झिजलेल्या कपड्यांच्या तुकड्यांतून गीज बेंडच्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या आज अमेरिकेतल्या मोठ्या कलासंग्रहालयांत लावलेल्या आहेत.

शेजारच्या लाउन्डस परगण्यात उलटं घडलं. तिथे बहुतेक लोक दुसऱ्याच्या जमिनीवर राहत होते. १९६५ मध्ये त्यांनी मतदार म्हणून नाव नोंदवलं आणि मालकांनी त्यांना घराबाहेर काढलं. सेल्मा ते माँटगोमेरी रस्त्याच्या कडेला तंबू ठोकून ती कुटुंबं राहिली. जमीन कुणाच्या नावावर आहे, यावर मत देता येणार की नाही हेही ठरत होतं.

अलाबामात किड्याचा पुतळा आहे म्हणे, खरं का?

खरं आहे. बोल वीव्हिल नावाचा सोंडकिडा १८९० च्या दशकात मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरला आणि १९१० मध्ये अलाबामात पोहोचला. तो पात्या-बोंडांत अंडी घालतो. अळी आतून खाते आणि पाती गळून पडते. कॉफी परगण्यातला कापूस त्याने साफ केला. तिथल्या काही शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी भुईमुगाकडे वळायची हिंमत केली आणि दोन-तीन हंगामांत तो परगणा भुईमुगासाठी देशात नावारूपाला आला. डिसेंबर १९१९ मध्ये एंटरप्राइज गावाच्या चौकात स्मारक उभं राहिलं. आधी नुसती स्त्रीची मूर्ती होती. तिच्या हातांवर किडा आला तो १९४९ मध्ये.

ही गोष्ट ‘संकटातून संधी’ म्हणून सांगितली जाते. मला ती अर्धी वाटते. पीक बदलायला बियाणं, नवी यंत्रं आणि एक वर्ष थांबण्याची ऐपत लागते. ज्यांच्याकडे ती नव्हती, त्या वाटेकऱ्यांतले हजारो लोक गाव सोडून शिकागो-डेट्रॉइटकडे गेले. त्यांचा पुतळा कुठेच नाही.

या किड्याचा बंदोबस्त शेवटी झाला तो १९८०-९० च्या दशकांत. कामगंध सापळे (गंधाने किडे ओढून पकडणारे), ठरावीक वेळी फवारणी आणि गावातल्या एकूण एक शेतकऱ्याचा सहभाग. एकट्यादुकट्याने गुलाबी बोंडअळीशी लढणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांसाठी यातला शेवटचा भाग महत्त्वाचा आहे.

कार्व्हर यांनी नेमकं काय केलं? शेंगदाण्याचं लोणी त्यांनीच शोधलं ना?

नाही, पीनट बटर त्यांनी शोधलेलं नाही. मराठी घरांत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव फार जिव्हाळ्याचं आहे, म्हणून हे स्पष्ट सांगितलेलं बरं. त्यांचं खरं काम याहून मोठं आहे.

१८९६ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून ते टस्कीगी या अलाबामातल्या काळ्यांच्या शिक्षणसंस्थेत आले आणि १९४३ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिले. सतत कापूस घेऊन झिजलेल्या जमिनीत चवळी, रताळी, भुईमूग घ्या, पालापाचोळा कुजवून घाला, असं ते सांगत होते. त्यांचा श्रोता खत विकत घेऊ न शकणारा वाटेकरी होता आणि प्रत्येक सल्ला त्याच्या खिशाकडे पाहून दिलेला असे. चवळी-भुईमूग जमिनीत नत्र देतात आणि घरात खायलाही होतात, म्हणजे दुकानदाराची खावटी तेवढी कमी. १९०६ मध्ये टस्कीगीने घोड्यांच्या गाडीवर औजारं, बियाणं आणि दुधाची भांडी लादून फिरती शाळा काढली, जेसप वॅगन. थॉमस मनरो कॅम्पबेल ती गाडी घेऊन गावोगाव जायचे. अमेरिकेच्या कृषी विस्तार सेवेतले ते पहिले काळे अधिकारी.

तिथून तीसेक किलोमीटरवर ऑबर्न विद्यापीठ आहे. तिथेही १८९६ मध्येच जे. एफ. डगर यांनी साधारण एकरभर जागेत कापसाच्या फेरपालटीचा प्रयोग लावला. ‘ओल्ड रोटेशन’ नावाचा तो प्रयोग आजही चालू आहे. कापसावरचा जगातला सगळ्यात जुना सलग प्रयोग. हिवाळ्यात द्विदल पीक घेऊन जमिनीत गाडलं तर कापसाला वरून नत्र न देताही उतारा टिकतो, हे त्याने शंभर वर्षांच्या नोंदींनी दाखवलं. दोन संस्था, एकच निष्कर्ष. पण ऑबर्नमध्ये पहिल्या काळ्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळायला १९६४ उजाडलं.

आज एकरी किती कापूस निघतो?

साधारण एकरी ८०० पौंड रुई, म्हणजे ३६० किलोच्या आसपास. महाराष्ट्राच्या सरासरीच्या दुपटीहून बरंच जास्त. आणि हे बहुतेक पावसावर. शेजारच्या जॉर्जियाच्या मानाने अलाबामात सिंचन कमीच आहे. पण वर्षाला सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बाराही महिने विभागून येतो, हे विसरू नका. वेचणी पूर्ण यंत्राने. आधी पानं गळवणारं औषध फवारतात, मग यंत्र एकदाच फिरतं आणि गोल गठ्ठे बांधून मागे टाकतं. तुलना करताना एक जपा: त्यांची गाठ २१८ किलोची, आपली १७० किलोची.

त्यांना हमीभाव मिळतो का?

आपल्यासारखी सरकारी खरेदी नाही. कायद्यात पिकाची एक आधारभूत किंमत ठरलेली असते. बाजारभाव तिच्याखाली गेला तर फरकाची रक्कम थेट शेतकऱ्याला मिळते. पीकविम्याच्या हप्त्याचा मोठा भागही सरकार भरतं. कापूस आणि भुईमूग या दक्षिणेच्या पिकांना या व्यवस्थेत चांगलं संरक्षण आहे.

याची झळ मात्र बाहेर लागते. अनुदानाच्या जोरावर पिकलेला कापूस जगात स्वस्तात उतरला की यवतमाळच्या बाजारात भाव दबतो. ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत याविरुद्ध तक्रार केली आणि जिंकलीही. शेवटी २०१४ मध्ये अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. विदर्भाच्या किंवा मालीच्या शेतकऱ्याला त्यातलं काही मिळालं नाही. अलाबामाच्या शेतकऱ्याबद्दल मला पूर्ण आपुलकी आहे, तरी हा अन्याय आहे असंच मी म्हणेन.

कोंबड्यांचा धंदा एवढा मोठा आहे, तर शेतकरी सुखात असतील?

अलाबामात वर्षाला १०० कोटींहून अधिक ब्रॉयलर तयार होतात. जवळपास सगळे करार पद्धतीने. आपल्याकडे नाशिक-पुण्याच्या भागात करारावर ब्रॉयलर शेड चालवणाऱ्यांना ही रचना लगेच समजेल. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, तयार पक्षी उचलणार तीही कंपनीच. शेतकऱ्याचं काय? जागा, शेड, वीज, गॅस, मेलेल्या पक्ष्यांची विल्हेवाट आणि बँकेचं कर्ज.

एकेक शेड ५०० फुटांहून लांब, आत वीस-पंचवीस हजार पक्षी, तापमान आणि हवा संगणकावर. एका शेडला काही लाख डॉलर लागतात आणि एकाच शेडवर भागत नाही. कर्ज दहा-पंधरा वर्षांचं असतं. करार मात्र अनेकदा त्याहून फार कमी मुदतीचा, कधी एकेका लॉटपुरता. कंपनीने पुढचा लॉट दिला नाही तर हप्ता थांबत नाही. जवळपास दुसरी कंपनी असेलच असं नाही, आणि कोंबड्यांच्या शेडमध्ये दुसरं काही करता येत नाही.

मोबदल्याची रीत आणखी कठीण. त्याच आठवड्यात पक्षी दिलेल्या शेतकऱ्यांची आपसांत तुलना होते. किलोमागे खर्च सरासरीपेक्षा कमी आला तर जास्त दर, जास्त आला तर कपात. आता पिल्लं अशक्त आली किंवा खाद्य उशिरा पोहोचलं, तर त्यात शेतकऱ्याच्या हातात काय होतं? फेब्रुवारी २०२४ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमाने कंपन्यांना उत्पन्नाची आणि दिलेल्या पिल्ला-खाद्याची अधिक माहिती उघड करावी लागते. ते चांगलंच झालं, पण धोका कुणी उचलायचा हे त्याने बदललं नाही.

हे सगळं कुठून आलं तेही पाहा. या धंद्याच्या सुरुवातीला खाद्याचे व्यापारी डोंगराळ भागातल्या छोट्या शेतकऱ्यांना पिल्लं आणि खाद्य उधारीवर द्यायचे आणि पक्षी विकले की वसूल करायचे. वाटेकऱ्याला खावटी देणाऱ्या दुकानदाराचीच ही पुढची पिढी. बाजू मांडायची तर, चाळीस-पन्नास एकर मुरमाड जमिनीवर ज्यांना शेतीवर जगता आलं नसतं अशी कितीतरी घरं या शेडनी गावात टिकवली. कर्ज फिटल्यावर बरे दिवस पाहिलेले शेतकरीही आहेत. म्हणून धंदा बंद करा असं कुणी शहाणा म्हणत नाही. कर्जाची मुदत आणि कराराची मुदत जुळवा, एवढी साधी मागणी आहे.

काळ्या शेतकऱ्यांची जमीन गेली कुठे?

एवढं सगळं सोसून या लोकांनी जमीन घेतली होती, हे आधी लक्षात घ्या. १९२० मध्ये अमेरिकेत सुमारे ९ लाख २५ हजार काळे शेतकरी होते, दर सात शेतकऱ्यांत एक. त्यांतले बरेच वाटेकरी, पण दोन लाखांच्या वर स्वतःच्या जमिनीचे मालक. आज देशातल्या शेतकऱ्यांत त्यांचं प्रमाण दीड टक्क्यालाही पोहोचत नाही.

एक वाट सामाईक वारसाहक्काची. आजोबा मृत्युपत्र न करता गेले, कोर्टावर विश्वास नव्हता, वकिलाला पैसे नव्हते. जमीन सगळ्या वारसांच्या सामाईक नावे राहिली. तीन पिढ्यांत चाळीस-पन्नास हिस्सेदार, कुणी डेट्रॉइटला, कुणी न्यूयॉर्कला. सातबाऱ्यावर वीस नावं असलेल्या आपल्या घरांना हे सांगायला नको. तिथे वाईट असं की बाहेरचा बिल्डर एखाद्या दूरच्या चुलतभावाचा चिमूटभर हिस्सा विकत घ्यायचा, कोर्टात वाटणी मागायचा, आणि कोर्ट सगळीच जमीन लिलावात काढायचं. अलाबामाने २०१४ मध्ये कायदा केला. आता आधी मूल्यांकन होतं आणि उरलेल्या वारसांना तो हिस्सा विकत घ्यायची पहिली संधी मिळते. तोवर खूप जमीन गेली होती.

दुसरी वाट सरकारी कर्जाची. कृषी खात्याच्या स्थानिक कचेरीत गोऱ्या शेतकऱ्याचं कर्ज पेरणीआधी मंजूर व्हायचं. काळ्याचं हंगाम निघून गेल्यावर, किंवा नाहीच. १९९९ मध्ये काळ्या शेतकऱ्यांनी लढवलेल्या पिगफर्ड खटल्यात सरकारने तडजोड केली आणि १०० कोटी डॉलरहून अधिक भरपाई दिली. मुदतीत अर्ज न पोहोचलेल्यांसाठी २०१० मध्ये आणखी १२५ कोटींची तडजोड झाली. जुलै २०२४ मध्ये भेदभाव सोसलेल्या ४३ हजारांहून अधिक लोकांना सुमारे २०० कोटी डॉलर मिळाले, त्यांत मिसिसिपी आणि अलाबामाचे लोक सर्वाधिक. पैसे आले, गेलेली जमीन परत आली नाही.

समटर परगण्यातल्या एप्स गावी फेडरेशन ऑफ सदर्न को-ऑपरेटिव्हज ही १९६७ मध्ये स्थापन झालेली सहकारी संघटना प्रशिक्षण केंद्र चालवते. मृत्युपत्र कसं करायचं, हिस्से कसे एकत्र ठेवायचे, हे ती पिकाच्या सल्ल्याइतक्याच कळकळीने शिकवते.

शेतात मजूर कोण?

भाजीपाला आणि फळांसाठी प्रामुख्याने मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. जून २०११ मध्ये राज्याने स्थलांतरितांविरुद्ध एचबी ५६ हा अतिशय कडक कायदा केला. मजूर रातोरात निघून गेले आणि चँडलर माउंटनवर टोमॅटो झाडालाच सडले. स्थानिक लोक कामाला घेऊन पाहिले, फार थोडे टिकले. न्यायालयांनी पुढे कायद्याची बरीच कलमं थांबवली. आता एच-२ए या हंगामी व्हिसावर मजूर येतात. राहण्याची जागा आणि ने-आण मालकाने फुकट द्यायची असते. मोठ्या बागायतदाराला ते झेपतं, दहा एकरवाल्याला जड जातं.

मत्स्यशेतीत बासाचा काय वाद आहे?

काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून ग्रीन्सबरो गावाच्या आसपास कॅटफिशची तळी झाली. या माशात अलाबामा मिसिसिपीच्या खालोखाल. मग व्हिएतनामहून स्वस्त मासा आला, तोच जो पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत ‘बासा’ म्हणून मिळतो. २००२ मध्ये अमेरिकेने कायदा करून या व्हिएतनामी माशाला कॅटफिश म्हणायला बंदी घातली. तरी स्पर्धा थांबली नाही. तळ्यांचं क्षेत्र बरंच घटलं.

वादळं आणि दुष्काळ?

दोन्ही आहेत. २७ एप्रिल २०११ च्या टोर्नेडोंनी (जमिनीवरच्या भोवऱ्यासारख्या वादळांनी) राज्यात दोनशेहून अधिक माणसं नेली आणि उत्तरेकडच्या शेकडो कोंबडी-शेड सपाट केल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायकेल वादळ आलं ते बोंडं फुटून वेचणीला आलेली असताना. सप्टेंबर २०२० मध्ये सॅली वादळाने बाल्डविन परगण्यात पेकनची झाडं पाडली. पेकनचं नवं झाड धड उत्पन्नाला यायला दहाएक वर्षं लागतात. २०१६ च्या शरद ऋतूत तर कित्येक आठवडे थेंब पडला नाही, आणि पशुपालकांना हिवाळ्याचा चारा आधीच काढावा लागला.

रानडुकरांचा त्रास तिथेही आहे?

भरपूर. भुईमूग टोकला की रात्रीत कळप ओळीच्या ओळी उकरतो. खाजगी जमिनीवर वर्षभर शिकारीला परवानगी आहे, सापळेही लावतात. तरी संख्या आटोक्यात नाही.

शेतीचा अभ्यास म्हणून अलाबामा पाहायचं असेल तर कधी, कुठे?

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात या. भुईमूग उपटणं आणि कापूस वेचणी दोन्ही पाहायला मिळतात. टस्कीगीतलं कार्व्हर संग्रहालय राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. ऑबर्नचा ओल्ड रोटेशन प्लॉट विद्यापीठाच्या आवारातच आहे, बाहेर माहितीफलक आहेत. नोव्हेंबरात डोथानला भुईमुगाचा मोठा उत्सव भरतो. १९३८ च्या पहिल्या उत्सवात कार्व्हर वक्ते होते. दक्षिणेकडच्या रस्त्यांवर टपऱ्यांतून मिठाच्या पाण्यात उकडलेल्या ओल्या शेंगा मिळतात, आपल्या श्रावणातल्या शेंगांसारख्याच, त्या जरूर घ्या. कोंबडी-शेडमध्ये मात्र न विचारता जाऊ नका. बर्ड फ्लूच्या धोक्यामुळे बाहेरच्या माणसाला आत घेत नाहीत, आणि तुमच्या बुटांवरून रोग आत गेला तर नुकसान त्या शेतकऱ्याचं होईल.